गायक नसताना

मेम्फिसच्या मॅकलमोर ॲव्हेन्यूवर एक जुनं सिनेमा थिएटर होतं. खुर्च्या काढून टाकून स्टॅक्स रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीनं तिथे स्टुडिओ थाटला, पण पडद्याच्या दिशेनं उतरत जाणारी जमीन तशीच राहू दिली. १९६२ साली एके दिवशी तिथे बिली ली रायली नावाच्या गायकाचं रेकॉर्डिंग होतं. ते लवकर आटोपलं की फिसकटलं, यावर हजर असलेल्यांतच एकमत नाही. गायक नव्हता, स्टुडिओ मोकळा होता आणि साथीला बोलावलेले चौघे वाद्यं लावून बसले होते, एवढं नक्की. ऑर्गनवर बुकर टी. जोन्स, वय वर्षं सतरा. गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बेसवर लुई स्टाइनबर्ग, ड्रम्सवर अल जॅक्सन. वेळ घालवायला त्यांनी एक संथ ब्लूज धरला. मालक जिम स्टुअर्ट यांनी टेप चालू केली, ऐकली आणि हे विकता येईल असं त्यांना वाटलं. पण तबकडीला दोन बाजू असतात. मागच्या बाजूला काय घालायचं? बुकरकडे ऑर्गनवरची एक चाल होती. तीच वाजवून टाकू, असं ठरलं.

ती मागची बाजू म्हणजे ‘ग्रीन अनियन्स’. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी करून तीच वाजवायला सुरुवात केली. कंपनीला बाजूंची अदलाबदल करून तबकडी पुन्हा बाजारात आणावी लागली आणि ती अमेरिकेच्या मुख्य यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. बुकर टी. पुढे इंडियाना विद्यापीठात रीतसर संगीत शिकायला गेला आणि सुट्टी मिळेल तसा मेम्फिसला येऊन साथीला बसू लागला. देशभर गाजणाऱ्या बँडचा म्होरक्या शनिवार-रविवारी कामावर येतोय, ही त्या काळातली माझी सर्वांत आवडती हकिकत आहे.

पुढच्या पानांत रॉक आणि फंकमधल्या निवडक वाद्यरचनांवर एकेक टिपण आहे. यादी माझ्या आवडीची आहे, तिला इतिहासाचा आव नाही. पण टिपणं लिहिता लिहिता एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत राहिली, ती इथे मांडतो. यातल्या बहुतेक रचना साथीदारांनी केलेल्या आहेत. ज्यांचं रोजचं काम दुसऱ्याच्या गळ्याखाली ठेका धरायचं, गायकाला जागा करून द्यायचं, त्याचा श्वास संपेल तिथे दोन सूर भरायचं, अशी ही माणसं. गायक उशिरा आला, लवकर गेला किंवा मागच्या बाजूला काहीतरी हवं म्हणून जी फट सापडली, तिच्यात त्यांनी हे करून ठेवलं.

उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. इंग्लंडमधले ‘द शॅडोज’ हे क्लिफ रिचर्डचे साथीदार. १९६० साली त्यांनी जेरी लॉर्डनची ‘अपाची’ ही धून वाजवली आणि ती पहिल्या क्रमांकावर गेली, तेव्हा तिथून खाली उतरलं ते क्लिफचंच ‘प्लीज डोन्ट टीज’. त्या गाण्यावर साथ कुणाची होती? शॅडोजचीच. बिली प्रेस्टन हा तर साथीदारांतला राजा. १९६९च्या ‘गेट बॅक’च्या तबकडीवर बीटल्सनी स्वतःच्या नावाशेजारी त्याचं नाव छापलं. पुढे त्याचं स्वतःचं जे गाजलं ते ‘आउटा-स्पेस’, वा-वा पेडलमधून काढलेल्या क्लॅव्हिनेटचा चरचरीत आवाज. तीही मागचीच बाजू. कंपनीनं पुढे ठेवलेलं गाणं आज कुणाला आठवतं?

साथीदाराला एक गोष्ट येते जी एकट्यानं वाजवणाऱ्याला सहसा येत नाही. ती म्हणजे गप्प बसणं. ‘ग्रीन अनियन्स’ नीट ऐका. ऑर्गन खालच्या पट्टीत तीच ती चाल फिरवत राहतो, बेस त्याच्या पावलावर पाऊल टाकतो, अल जॅक्सन कुठेही हात दाखवायला जात नाही. क्रॉपरची गिटार बराच वेळ फक्त मधे मधे टोचते. एकेक तुटक सूर, आणि पुढे गप्प. त्याची पाळी येते तेव्हाही तो फार बोलत नाही. तीन मिनिटांच्या आत सगळं संपतं. गायकासाठी मोकळी ठेवायची ती जागा या चौघांनी सवयीनं मोकळीच ठेवली आहे, आणि ऐकणारा आपसूक तिच्यात शिरतो.

त्या चौघांत तिघे काळे होते आणि क्रॉपर एकटा गोरा. १९६२च्या मेम्फिसमध्ये त्यांना एका टेबलावर जेवायला बसणं मुश्कील होतं. स्टॅक्सची मंडळी लोरेन मोटेलमध्ये जमत, कारण तिथे काळ्या-गोऱ्या दोघांनाही मज्जाव नव्हता. त्याच मोटेलच्या सज्ज्यात ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घालण्यात आली. ‘ग्रीन अनियन्स’ला शब्द नाहीत, त्यामुळे यातलं काही त्यात शोधू नये हे खरं. पण ती कुठल्या खोलीत आणि कुणाकुणाच्या हातून वाजली हे ठाऊक असावं.

आता आपल्या कानांविषयी. मराठी घरांत वाद्यसंगीताच्या तबकड्या नव्हत्या असं नाही. व्हॅन शिप्लेची इलेक्ट्रिक गिटार, पुण्याच्या इनॉक डॅनियल्सचं ॲकॉर्डियन, सुनील गांगुलींची हवाईयन गिटार हे सगळं लग्नाच्या हॉलात, रेडिओवर, दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात वाजत असे. मुंबईत आणि कोकणात हळदीला किंवा विसर्जनाला बेंजो पार्टी लागते तेव्हा एकही शब्द न गाता अख्खी गल्ली नाचते. पण त्या सगळ्यांत एक मेख आहे. धून गाण्याची असते आणि गाणं आपल्याला पाठ असतं. बेंजो सूर काढतो, शब्द आपण मनात म्हणतो. गायक नसला तरी त्याची खुर्ची भरलेलीच असते. या पुस्तकातल्या रचनांना शब्द कधी नव्हतेच. त्यामुळे त्या पहिल्यांदा ऐकताना काही जणांना ‘गाणं कधी सुरू होणार?’ असं वाटतं. वाटू द्यावं. दोन-तीन वेळा ऐकल्यावर ती वाट बघणं बंद होतं.

तसा आपला कान या आवाजांना अगदीच अनोळखी नाही. ‘नागिन’मधली (१९५४) पुंगी ही पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी वाजवलेलं क्लॅव्हियोलिन आणि रवींचं हार्मोनियम मिळून ती झाली होती. तेच क्लॅव्हियोलिन आठ वर्षांनी लंडनच्या हॉलोवे रोडवर, चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरच्या एका भाड्याच्या घरात वाजलं. जो मीक या विक्षिप्त निर्मात्यानं घराच्या खोल्यांतच स्टुडिओ मांडला होता. नुकत्याच सोडलेल्या दळणवळण उपग्रहाच्या नावानं त्यानं ‘टेलस्टार’ बनवलं, वाजवणारे ‘द टॉर्नेडोज’. ही रचना अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली, आणि तोवर कुठल्याही ब्रिटिश बँडला ते जमलं नव्हतं. मुंबईत ज्या वाद्यानं साप डोलवला त्यानंच तिकडे उपग्रह फिरवला, याची मला अजून गंमत वाटते.

शब्द नसले की धून निरुपद्रवी होते, असं कुणी समजू नये. लिंक रे या गिटारवाल्याची १९५८ची ‘रंबल’ अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी वाजवायची बंद केली. त्यात एकही अक्षर उच्चारलेलं नाही. पण नावाचा अर्थ पोरांच्या टोळ्यांची हाणामारी, आणि गिटारचा आवाज तर तसाच. मनासारखा खरखरीत आवाज निघेना म्हणून रेनं ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीनं भोकं पाडली होती. रॉक गिटारचा फाटका आवाज पुढे कारखान्यातून डबीत भरून मिळू लागला. इथे तो खरोखरच फाटलेल्या कागदातून आलेला आहे.

यादीत सर्वांत जास्त जागा मी फंकला दिली आहे, आणि फंकमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ‘द मीटर्स’ना. ऑर्गनवर आर्ट नेव्हिल, गिटारवर लिओ नोसेन्टेली, बेसवर जॉर्ज पोर्टर, ड्रम्सवर जोसेफ ऊर्फ झिगाबू मॉडेलिस्ट. हेही साथीदारच. निर्माते ॲलन टूसाँ यांच्या स्टुडिओत जो गायक येईल त्याच्यामागे हे बसायचे. डॉ. जॉनचं ‘इन द राइट प्लेस’ असो की लबेलचं ‘लेडी मार्मलेड’, ठेका यांचाच. १९६९च्या ‘सिसी स्ट्रट’मध्ये गिटार आणि बेस मिळून एक छोटीशी, गाठी मारलेली ओळ वाजवतात. ओळ सोपी आहे, कुणीही गुणगुणेल. अवघड आहे ते तिच्याखाली झिगाबू काय करतो ते. रॉकचा ड्रमवाला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ठोकून मोकळा होतो. हा तसं करत नाही. स्नेअरचे फटके मात्रेच्या किंचित अलीकडे नाहीतर पलीकडे पडतात, हाय-हॅट मधेच उघडून मिटते, आणि ओळ कुठे संपते ते त्याला ठाऊक असूनही तो ते सांगत नाही. ही चाल त्या गावच्या रस्त्यावरची आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये मिरवणूक निघते, अगदी अंत्ययात्रेचीसुद्धा. पुढे बँड चालतो, मागून नाचत येणाऱ्या लोकांची दुसरी रांग. चालता चालता वाजवणाऱ्यांचे हात असे पडतात.

जेम्स ब्राउननं आपल्या बँडला घातलेली शिस्त वेगळी. पहिली मात्रा चुकायची नाही, बाकी काय हवं ते करा. तालाची सवय असलेल्या माणसाला हे लगेच उमगतं, कारण ती समच आहे. फरक अंतराचा. आपल्याकडे गाणारा समेपासून दूर भटकतो, उत्सुकता ताणतो आणि आवर्तन संपताना येऊन भेटतो. फंकमध्ये सम दर चार मात्रांनी दारात उभी. भटकायला वेळच नाही. म्हणून मग सारी करामत त्या चार मात्रांच्या आत, पाव मात्रेच्या फटींमध्ये. आपल्या मैफिलीत मुरलेल्या काही श्रोत्यांना फंक ‘तेच तेच’ वाटतं, ते या अंतरामुळे. त्यांनी विस्तार शोधू नये. लेहऱ्याची एकच ओळ धरून तबला ऐकतात तसं ऐकावं.

साथीदारांचं संगीत म्हटलं की पैशांची गोष्ट काढावीच लागते. पुस्तकातली सगळ्यांत लांब टिपणं त्याबद्दल आहेत.

१९६९ साली ‘द विन्स्टन्स’ या बँडनं ‘कलर हिम फादर’ हे गाणं काढलं. ते गाजलं, ग्रॅमीही मिळालं. मागच्या बाजूला, जागा भरायला, ‘आमेन, ब्रदर’ नावाची वाद्यरचना होती. तिच्या मध्यावर बाकीचे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमवाला एकटा चार आवर्तनं वाजवतो. जेमतेम सहा-सात सेकंद. सतरा-अठरा वर्षं त्याकडे कुणी पाहिलं नाही. मग सॅम्पलर नावाचं यंत्र आलं आणि ते सहा-सात सेकंद कापून, फिरवून, वेग वाढवून हजारो तबकड्यांवर गेले. कॅलिफोर्नियाच्या रॅपखाली ते आहेत. नव्वदच्या दशकात इंग्लंडमध्ये ‘जंगल’ आणि ‘ड्रम अँड बेस’ हे अख्खे प्रकार त्यांच्यावर उभे राहिले. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला हे कळलं १९९६मध्ये. तोवर दाव्याची मुदत टळून गेली होती. २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढून त्याला सुमारे २४ हजार पौंड दिले. कोलमन २००६मध्येच हलाखीत गेला होता. आपण काय वाजवून ठेवलंय हे त्याला कधी समजलं की नाही, कोण जाणे.

जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’चीही हीच गत. त्यात ब्राउन थोडंफार बोलतो, पण ऐकण्याची चीज आहे क्लाइड स्टबलफिल्डचे एकट्याचे काही क्षण. तेही असेच जगभर कापून नेले गेले, आणि रचनाकार म्हणून स्टबलफिल्डचं नाव कुठेही नव्हतं. यामागे कुणा एकाची लबाडी शोधण्यात अर्थ नाही, गोम कायद्यातच आहे. चाल कुणाची आणि शब्द कुणाचे, एवढंच तो विचारत आला. ठेका कुणाचा हे विचारायची पद्धत नाही. म्हणजे गायक नसलेल्या रचनेतसुद्धा साथीदार साथीदारच राहतो, फक्त कुणाची साथ करतोय ते त्याला कळत नाही.

शॅडोजची ती ‘अपाची’ही याच वाटेनं गेली. १९७३मध्ये मायकल वाइनर या निर्मात्यानं भाड्याचे वादक जमवून ‘इन्क्रेडिबल बाँगो बँड’ या नावानं ती पुन्हा वाजवली. बाँगोवर किंग एरिसन, ड्रम्सवर जिम गॉर्डन. ती फारशी खपली नाही. पण न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क नावाच्या डीजेनं दोन तबकड्या शेजारी ठेवून फक्त तालवाद्यांचा भाग पुन्हा पुन्हा फिरवला, आणि पोरं त्यावर नाचली. हिप-हॉपच्या जन्मकथेत ही धून हटकून येते. एका काउबॉय चित्रपटावरून सुचलेली, इंग्रज माणसानं रचलेली चाल!

रॉकच्या बाजूला यावं तर इथे माझी आवड जरा आखडती आहे. ऐंशीच्या दशकात गिटारवीरांची लाट आली. जो सॅट्रियानी, स्टीव्ह वाय. बोटं अफाट, मेहनत अफाट. पण त्यात गिटार गायकाची खुर्ची पटकावते आणि उठायचं नाव घेत नाही. बाकीचे पुन्हा साथीला. ज्यांना ते आवडतं त्यांनी ऐकावं, भांडण नाही. मला त्यापेक्षा डिकी बेट्सची ‘जेसिका’ (१९७३) बरी वाटते. आगीत दोन बोटं निकामी झालेल्या जँगो राइनहार्टच्या आठवणीत, डाव्या हाताची दोनच बोटं वापरता येतील अशी चाल त्यानं बांधायला घेतली, आणि घरभर बागडणाऱ्या तान्ह्या मुलीचं नाव तिला दिलं. ऑलमन ब्रदर्स बँडमध्ये चक लीवेलचा पियानो मधेच तिला उचलून घेतो ते ऐकण्यासारखं आहे.

कॅनडाच्या ‘रश’ची ‘वाय वाय झेड’ (१९८१) मराठी वाचकानं तर मुद्दाम ऐकावी. हे टोरोंटो विमानतळाचं सांकेतिक नाव, आणि रचनेची सुरुवात म्हणजे त्या तीन अक्षरांचा मोर्स संकेत जसाच्या तसा. लांब ठोका गुरू धरा, आखूड लघु. वाय होतो गालगागा. दुसरा वाय पुन्हा गालगागा. झेड गागालल. सात, सात आणि सहा, मिळून वीस मात्रा. चार-चारांचे गट पाडले की पाच ठोक्यांचं आवर्तन तयार. ज्याला गझलेची लगावली येते त्याला तिघा कॅनडियनांनी इथे काय केलंय हे सांगायला नको. ग्रॅमीच्या शर्यतीत ही रचना ‘द पोलिस’च्या ‘बिहाइंड माय कॅमल’पुढे हरली. ती होती अँडी समर्सची. स्टिंगला ती इतकी नकोशी होती की त्यानं टेप बागेत पुरून टाकली होती, असं सांगतात. बक्षिसं अशी मिळतात.

एडगर विंटर ग्रुपची ‘फ्रँकन्स्टाइन’ ही मुळात मैफिलीत ड्रम्सची जुगलबंदी रंगवायला वाजवायची गोष्ट. स्टुडिओत ती लांबत गेली, इतकी की ब्लेडनं टेप कापून तुकडे जोडायची वेळ आली. जमिनीवर, खुर्च्यांवर सगळीकडे टेपच्या पट्ट्या. तो पसारा पाहून ड्रमवाल्या चक रफच्या तोंडून राक्षसाचं नाव निघालं आणि तेच चिकटलं. हीसुद्धा सुरुवातीला मागची बाजू होती, आणि १९७३च्या मे महिन्यात अमेरिकेत पहिली आली. टाके कुठे घातलेत ते लक्ष दिलं तर आजही ऐकू येतं.

आता यादीच्या कुरबुरींबद्दल. ‘पिक अप द पीसेस’मध्ये रचनेचं नाव चार-पाचदा ओरडतात, मग ती वाद्यरचना कशी, असं काटेकोर मंडळी विचारतील. मी ते ओरडणं तालवाद्यात धरलं आहे. ‘ॲव्हरेज व्हाइट बँड’मधले हे गोरे स्कॉटिश लोक. त्यांचा फंक ऐकून खुद्द जेम्स ब्राउनच्या वादकांनी ‘अबव्ह ॲव्हरेज ब्लॅक बँड’ या नावाच्या आद्याक्षरांखाली खोडकर उत्तर काढलं होतं. रचना अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली १९७५च्या फेब्रुवारीत. तिचा ड्रमवाला रॉबी मॅकिन्टॉश त्याआधीच, सप्टेंबर १९७४मध्ये, लॉस एंजेलिसला हेरॉइननं गेला होता. जॅझ मी बाहेर ठेवलं आहे. अपवाद हर्बी हँकॉकच्या ‘कमीलियन’चा, कारण पंधरा मिनिटांहून जास्त चालणाऱ्या त्या रचनेत सिंथेसायझरनं वाजवलेली बेसची ओळ एकदा कानात शिरली की तिला जॅझ म्हणा की आणखी काही, ती निघत नाही. चित्रपटांची शीर्षकसंगीतं घेतली नाहीत, त्यांना वेगळं पुस्तक लागेल.

शेवटचं टिपण फंकाडेलिकच्या ‘मॅगट ब्रेन’वर (१९७१) आहे, आणि ते माझ्या सगळ्या म्हणण्याला छेद देणारं आहे. जॉर्ज क्लिंटननं एडी हेझेल या विशीतल्या गिटारवाल्याला सांगितलं, आई गेल्याची बातमी आत्ताच कळली आहे असं समजून वाजव. बँड सोबत वाजवत होता. नंतर टेप ऐकताना क्लिंटननं साथ जवळजवळ सगळी मिटवली. ड्रम्स गेले, बेस गेला. सावकाश फिरणारी एक साधी गिटारची ओळ मागे राहिली आणि तिच्यावर दहा मिनिटं एकटा हेझेल. म्हणजे इथे साथीदारांनाच उठवलं. गिटारवीरांबद्दल वर मी जे नाक मुरडलं ते इथे कुठे गेलं, असं कुणी विचारलं तर उत्तर एवढंच की हेझेल सूर मोजून घेतो आणि दोन सुरांमध्ये थांबतो. साथीला बसलेल्या माणसाची ती सवय त्यानं सोडलेली नाही. या रचनेनंतर लगेच दुसरं काय वाजवावं हे मला सुचलं नाही, म्हणून ती शेवटी ठेवली.

ऐकण्याबद्दल एक सूचना. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात बेस जातो, आणि यातल्या निम्म्या रचनांत बेस हीच चाल आहे.